कारंज्यातले जहाज

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शाळेच्या प्रदर्शनाचा विषय. आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे बाटलीचे पेनस्टँड आणि लग्नपत्रिकांची तोरणे पाहून पाहून कंटाळलेलो. सातवीतल्या आमच्या मुलीने जहाज करायचे ठरवले तेव्हा मात्र हसू आले. कारंज्यात पाणी म्हणजे ऋषी तलाव, नाहीतर अडाण धरण. समुद्र आमच्या घरात फक्त अब्बांनी पाहिला होता, तोही तरुणपणी.

सांगाडा बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा. मधे एक लांब पट्टी, तिच्यावर माशाच्या काट्यासारखे उभे तुकडे, बाहेरून पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या. वरून जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा थापला. त्यात वाटलेली मेथी घातली. आमच्याकडच्या जुन्या बायका सूप-टोपल्या लिंपताना घालायच्या तशी. लगदा वाळायला चार दिवस लागले. मग उरलेल्या मेणबत्त्या वितळवून तळाला मेण दिले. औषधांच्या खोक्यांचे मजले झाले, पिस्त्याच्या टरफलांच्या जीवनरक्षक होड्या, खराट्याच्या काडीची डोलकाठी. ऑफिसच्या पंचिंग मशीनमधून पडलेल्या काळ्या टिकल्या खिडक्या म्हणून चिकटवल्या. हे काम धाकट्याने केले, अर्ध्या टिकल्या त्याच्या कोपरालाच लागल्या होत्या.

परातीत सोडले, तर जहाज क्षणात आडवे! मजले जड आणि तळ हलका. मोठ्या जहाजांतही रिकाम्या वेळी तळाच्या टाक्यांत पाणी भरतात, ते याच कारणाने. आम्ही तळाशी आठ नट चिकटवले तेव्हा ते सरळ उभे राहिले. वर्गात हे शिकवताना आम्ही फळ्यावर बाण काढतो. पुढच्या वर्षी परात नेऊ.

धुराडे राहिले होते. मुलगी माळ्यावर चढली आणि गंजलेला एक पत्र्याचा डबा घेऊन उतरली. आम्ही ओरडलोच. तो जमजमचा डबा होता, अब्बांनी पन्नासहून अधिक वर्षे जपलेला.

1969 साली अब्बांचे आई-वडील हजला गेले. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, कारंजा अकोल्यात होते. शकुंतलेने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, पुढे जहाज. मुघल लाइनच्या ‘मोहम्मदी’, ‘मुझफ्फरी’ ही नावे अब्बा अजून घेतात. मुंबई ते जिद्दा सुमारे 2,300 सागरी मैल. त्या जुन्या जहाजांना 12 ते 15 दिवस लागायचे. हज व्यवस्थित झाला. परतताना अब्बांच्या अम्मीला ताप आला आणि जहाजावरच त्यांचा इंतकाल झाला. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, सगळे डेकवर झाले आणि मय्यत समुद्राच्या हवाली केली. घ्यायला गेलेल्या अब्बांना हे गोदीत कळले. आजोबा एकटेच उतरले, हातात तो डबा आणि अम्मीची तसबीह.

आता मुले विमानाने काही तासांत पोहोचतात. मुंबईहून हजचे जहाज 1995 नंतर सुटलेले नाही. त्यामुळे हे सगळे सांगायला घरात निमित्तही उरले नव्हते. आम्हाला स्वतःला ते तुकड्या-तुकड्यांनीच माहीत होते. शबे-बरातला गल्लीतली माणसे कब्रस्तानात जातात. अब्बाही जातात, आजोबांच्या कबरीपाशी उभे राहतात. अम्मीसाठी कुठे उभे राहायचे, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि आम्हीही कधी त्यांना विचारले नाही.

आमचा आवाज ऐकून अब्बा बाहेर आले. त्यांनी डबा हातात घेतला, हलवून पाहिला. “घे बेटा. माळ्यावर सडण्यापेक्षा बरा.” आमचा जीव होत नव्हता. तेच डबा घेऊन पत्र्याचे काम करणाऱ्या चाचांकडे गेले आणि एक नळकांडे कापून आणले. उरलेला पत्रा परत कपाटात ठेवला.

मुलगी उदबत्तीच्या काड्यांचा कठडा लावत होती. अब्बा बराच वेळ पाहत बसले. मग मागच्या डेकवर बोट ठेवून म्हणाले, “इथे थोडी जागा मोकळी सोड.” तिने का म्हणून विचारले. त्यांनी सांगितले, पहिल्यांदाच, सगळे. मुलीने लावलेल्या तीन काड्या अलगद उपटल्या.

प्रदर्शनात बक्षीस सौरदिव्याला मिळाले. एका परीक्षकांनी कठडा अपूर्ण असल्याचे गुण कापले. मुलगी काही बोलली नाही, आम्हीही नाही.

जहाज आता अब्बांच्या खोलीतल्या कपाटावर आहे. ठेवताना मुलीने विचारले, “दादा, तोंड खिडकीकडे करू?”

“नको, घराच्या आत कर,” अब्बा म्हणाले. “परतीच्या वाटेवर होतं ते.”