अण्णांची वही

माझ्या कपाटात लाल कापडी पाठीची एक लांबट वही आहे. माझे वडील, अण्णा, वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. माल किती आला, किती गेला, हे लिहिल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. २००७ मध्ये मी पहिली फ्यूचर्स स्पर्धा खेळायला निघालो तेव्हा त्यांनी मलाही तोच नियम लावला. डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. पहिल्या दोन वर्षांची डावी पानं गच्च भरलेली आहेत. उजवीकडे नुसत्या तारखा.

फ्यूचर्स ही तेव्हाच्या व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी. तेव्हा तिथल्या लहान स्पर्धेत सगळी बक्षिसं मिळून १०,००० डॉलर असायचे. रँकिंग नसलेल्यांनी शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत मैदानावर पोचून क्वालिफायिंगसाठी सही करायची. गाडी उशिरा आली तर आठवडा गेला. शनिवार ते सोमवार तीन सामने जिंकले की ३२ जणांच्या मेन ड्रॉत जागा. क्वालिफायिंगमध्ये हरणाऱ्याला दमडीही नाही. मेन ड्रॉत पहिल्याच फेरीत हरलात तर एकशे साडेसतरा डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाच हजार रुपयांच्या आसपास, त्यातून कर कापायचा. विजेत्याला १,३०० डॉलर. क्वालिफायिंगपासून सलग आठ सामने जिंकले तरी हातात साठ हजार येत नव्हते. हे आकडे मला अजून पाढ्यासारखे पाठ आहेत.

दिल्ली-चंदीगडकडच्या स्पर्धांना मी सचखंड एक्स्प्रेसने जायचो. तिकिटावर आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद छापलेलं असायचं. या गाडीच्या वाटेवर काही स्टेशनांवर लंगर मिळतो; आपला डबा पुढे करायचा, त्यात डाळ-भाजी पडते. आईने त्यासाठी मला एक मोठा स्टीलचा डबा घेऊन दिला होता. वहीत त्या दिवसांच्या जेवणापुढे शून्य आहे. जेवलो नाही म्हणून शून्य नव्हे, हे अण्णांनी शेजारी कंसात लिहून ठेवलंय. स्टोअरकीपर!

२०१० मध्ये मी मेन ड्रॉतला एक सामना जिंकलो. खरं सांगायचं तर तिसऱ्या सेटमध्ये समोरच्या मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी मी तासाभरात हरलो. पण त्या एका विजयाचा एक एटीपी पॉइंट मिळाला आणि मी जगाच्या यादीत सोळाशेच्या घरात आलो. अण्णांनी उजव्या पानावर ‘२०० डॉलर’ लिहिलं, खाली ‘१ पॉइंट’ लिहिलं, आणि रकमेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. बावन्न आठवड्यांनी पॉइंट गळून जातो. माझाही गेला. मग तो परत आला नाही.

लोक विचारतात, वरच्यांत आणि तुमच्यात फरक काय होता? सरावात काहीच नाही. चारशेव्या क्रमांकाच्या खेळाडूबरोबर मी अर्धा तास मारायचो तेव्हा बघणाऱ्याला कोण कोण ते कळलं नसतं. फरक थर्टी-ऑलला, दुसऱ्या सर्व्हिसला दिसायचा. त्यांचा चेंडू तिथेही उसळून खांद्यावर यायचा. माझा कसाबसा नेटपलीकडे जायचा. कारण मी त्या वेळी परतीच्या तिकिटाचा हिशेब करत असायचो.

पुढे वहीची उजवी बाजू भरू लागली, ती वेगळ्याच कारणाने. मी हाताने फिरवायचं गटिंगचं, म्हणजे रॅकेटच्या तारा ओढायचं, एक जुनं मशीन विकत घेतलं. पॉलिएस्टरची तार लवकर मरते, तुटली नाही तरी तिचा जीव जातो, त्यामुळे खेळाडूंना सतत गटिंग लागतं. हरल्यावर रात्री लॉजच्या खोलीत बसून मी दुसऱ्यांच्या रॅकेट बांधायचो. ज्याच्याकडून सकाळी हरलो त्याचीही एकदा बांधली. ‘गटिंग, ६ रॅकेट’, ‘गटिंग, ४ रॅकेट’. खेळून मिळवलं त्याहून जास्त मी तारा ओढून मिळवलं.

२०१३ मध्ये थांबलो. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. मी ज्या मातीच्या कोर्टवर शिकलो, ते भेगाळून पडलं होतं. लाल मातीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत होतं, तिथे कोर्टवर पाइप धरायला कुणाचं मन होणार? आता मी सिमेंटच्या कोर्टवर शिकवतो. पाणी लागत नाही, गुडघे लागतात.

सुरुवातीला मी वाईट कोच होतो. आठ वर्षांच्या पोराला मी फ्यूचर्सचा सराव द्यायचो. पोरं पळाली. मग कोर्सला बसलो तेव्हा लाल, केशरी, हिरवे चेंडू हातात आले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूहून पंचाहत्तर टक्के हळू येतो. मी लहानपणी पिवळ्या चेंडूखाली अर्धं आयुष्य वाकून काढलं होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून गेलं.

२०१८ च्या वर्षअखेरीला मुलांना घेऊन बालेवाडीला गेलो. एटीपीची स्पर्धा होती. मी मुद्दाम क्वालिफायिंगचे सामने दाखवले. प्रेक्षक तुरळक, आणि खेळाडू मात्र जीव तोडून खेळत होते. एक पोरगा कंटाळून म्हणाला, “सर, मोठे कधी येणार?” मी म्हटलं, “हेच मोठे.” पुढच्याच महिन्यात नियम बदलला आणि सगळ्यात खालच्या, म्हणजे तेव्हा १५,००० डॉलरच्या, स्पर्धांचे एटीपी पॉइंटच बंद झाले. माझा तो एक पॉइंट त्या नियमात मिळालाच नसता. ऑगस्टमध्ये ते परत सुरू झाले, इतका आरडाओरडा झाला.

२०२३ च्या शरदात माझ्याकडे पालकांची रीघ लागली. हांगझोउच्या एशियाडमध्ये ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं. ती श्रीरामपूरची, म्हणजे आपल्या शेजारची. मी सांगायचो, ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एमकडून कॉलेज टेनिसही खेळलीय, तो रस्ताही बघून ठेवा, त्यात शिक्षण तरी पदरात पडतं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात देशाचा तेव्हाचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल म्हणाला होता की त्याच्या खात्यात ९०० युरो उरलेत. हे सांगितलं की काहींचा चेहरा उतरतो. मग मी वही काढतो. ती बघून दोघे-तिघे परत आले नाहीत. माझी फी बुडते, पण वही दाखवल्याशिवाय मी मुलाला स्पर्धांच्या बॅचला घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलीच्या आईने वही घरी नेऊ का विचारलं. त्या बँकेत आहेत. चार दिवसांनी परत करताना म्हणाल्या, “सर, २००९ ची बेरीज चुकलीय. जमा बाजूला सातशे जास्त धरलेत.”

अण्णा आता निवृत्त आहेत. संध्याकाळी सूतगिरणी चौकापर्यंत फिरून येतात. त्यांना सांगितलं. बेरीज चुकली म्हटल्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्माही मागितला नाही.

“चुकली नाही,” ते म्हणाले. “त्या वर्षी तुझी आई वही बघायची.”