सव्वीस तालुक्यांची मुळाक्षरं

मळणीयंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेला माणूस शोधायला मराठवाड्यात लांब जावं लागत नाही. अशा घरातली मुलं शिकतात, संगणकाकडे वळतात आणि कीबोर्डपाशी अडतात. मणक्याला मार लागलेले, सेरेब्रल पाल्सीमुळे बोटांवर ताबा नसलेले, टायपिंग करून करून मनगटं कायमची दुखावलेले, असे सगळेच तिथे अडतात. नांदेड आणि लातूर भागात मी अशा मुलांना बोलून प्रोग्राम लिहायला शिकवतो.

“मोबाइलवर बोलून मेसेज टाकतो तसंच ना?” असं बहुतेक पालक विचारतात. गूगलचं व्हॉइस टायपिंग 2017 मध्ये मराठीत आलं, तेव्हापासून गावोगाव लोक बोलून लिहितात. पण ती यंत्रणा साध्या बोलण्यावर घडलेली असते. एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावर ती अंदाज बांधते. प्रोग्राममध्ये हाच अंदाज घात करतो. आडतीवरच्या सोयाबीनच्या पट्टीचा हिशेब करणारी ही एक ओळ घ्या:

एकूण_रक्कम = दर * वजन

पायथॉन 3 मध्ये नावं देवनागरीत दिलेली चालतात, म्हणून इथे ती तशीच घेतली आहेत. ही ओळ मोबाइलला सांगितली तर “एकूण रक्कम बरोबर दर गुणिले वजन” असं मराठी वाक्य मिळेल. माणसाला ते कळतं, पायथॉनला नाही. त्याला दोन शब्दांमधली खालची रेघ हवी, बरोबरचं चिन्ह हवं, गुणाकाराची चांदणी हवी. म्हणून आमचा विद्यार्थी म्हणतो: “स्नेक एकूण रक्कम, इक्वल्स, दर, स्टार, वजन”. ‘स्नेक’ म्हटलं की पुढचे शब्द खालच्या रेघेने जोडले जातात. ‘स्लॅप’ म्हटलं की नवी ओळ सुरू होते. असे काहीशे ठरलेले शब्द असतात आणि यंत्राला त्या क्षणी तेवढ्यातूनच निवड करायची असते. यादी छोटी असल्यामुळे चुका एकदम कमी होतात. ही पद्धत चालते ती याच जोरावर.

तिची वाट हात दुखावलेल्या प्रोग्रामरांनीच पाडली. 2013 च्या पायकॉन संमेलनात टॅविस रड याने मंचावर भराभर तोंडी कोड लिहून दाखवला. त्यासाठी त्याने ड्रॅगन हे श्रुतलेखनाचं सॉफ्टवेअर वापरलं होतं आणि त्याला स्वतःच्या आज्ञांची जोड दिली होती. पुढे हातांच्या तीव्र दुखण्याने नोकरी सोडावी लागलेल्या रायन हाइलमन याने बोलून संगणक चालवण्यासाठी टॅलन हे सॉफ्टवेअर तयार केलं. आम्ही तेच वापरतो. ते फुकट मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ओठांनी ‘पॉप’ असा आवाज काढला की माउसचं क्लिक होतं. त्याच्या जोडीला कर्सरलेस नावाची सोय आहे. ती पडद्यावरच्या प्रत्येक शब्दाच्या एखाद्या अक्षरावर छोटा ठिपका ठेवते. ‘एअर’ हे ए या अक्षराचं नाव. म्हणून ‘चक ब्लू एअर’ म्हटलं की ज्या शब्दातल्या ए वर निळा ठिपका आहे तो शब्द पुसला जातो. कोड लिहिण्यापेक्षा कोडमध्ये फिरण्यात आणि दुरुस्त्या करण्यात जास्त वेळ जातो, हे प्रत्येक प्रोग्रामर सांगेल. हल्ली एआयला सांगितलं की तो अख्खा प्रोग्राम लिहून देतो, तरी त्यातली चुकलेली ओळ गाठून सुधारायचं काम उरतंच.

आता मुळाक्षरं. टॅलनमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराला एकेक छोटा शब्द आहे: एअर, बॅट, कॅप, ड्रम आणि पुढे असेच. हे शब्द नीट विचार करून निवडलेले आहेत, पण इंग्रजी ही ज्यांची मायबोली आहे त्यांच्या तोंडासाठी. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प उच्चारताना हवेचा झोत येतो. आपला प सरळ असतो, त्यामुळे आपलं ‘पिट’ यंत्राला कधी कधी ‘बिट’ ऐकू येतं. औशाकडच्या एका मुलाचा उजवा हात कोपरापासून गेलेला आहे आणि डाव्या हाताची दोनच बोटं चालतात. ‘पिट’ आणि ‘कॅप’ पुन्हा पुन्हा म्हणून तो कंटाळला आणि सरळ म्हणाला, “सर, आपल्या गावांची नावं घालू की.”

यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, त्यामुळे बदलायला अडचण नव्हती. नांदेड जिल्ह्यात 16 तालुके आणि लातूर जिल्ह्यात 10, म्हणजे बरोबर 26. इंग्रजी अक्षरंही तेवढीच. पण वाटणी सरळ होत नाही. एन साठी नांदेड, नायगाव आणि निलंगा असे तीन दावेदार. डी साठी देगलूर, देवणी, धर्माबाद. सी ला एकटं चाकूर, जे ला एकटं जळकोट. मोजलं तर 26 तालुक्यांत 13 अक्षरांचीच सोय होते. बाकीच्यांसाठी शेजारी जावं लागलं: पी ला परभणी, जी ला गंगाखेड, व्ही ला वसमत, टी ला तुळजापूर. क्यू आणि एक्स यांचे मूळचे शब्द आम्ही ठेवून दिले.

निवडीचा नियम असा, की शब्द लहान हवा आणि यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाशी त्याची गल्लत होता कामा नये. एका अक्षरासाठी ‘हिमायतनगर’ म्हणायचं तर दिवसभरात दम लागेल, म्हणून हदगाव. अहमदपूर आणि अर्धापूर यांची शेपटं सारखी, म्हणून ए ला औसा. मुखेड आणि मुदखेड यांची गल्लत माणसांचीच होते, ‘मुखेड की मुदखेड’ हे नांदेडच्या बसस्टँडवर दोनदा विचारून घ्यावं लागतं. ते दोन्ही काढले आणि एम ला माहूर घेतलं. लोहा आखूड म्हणून सोयीचं होतं, पण लातूरच्या मुलांनी एल ला लातूरच ठेवलं, आणि तेही छान चालतं. देगलूरकडच्या तेलुगू वळणाच्या मराठीत हीच नावं थोडी वेगळी येतात, पण आपल्या तोंडात रोज असलेलं नाव माणूस प्रत्येक वेळी एकसारखं उच्चारतो. यंत्राला तेवढं पुरतं.

दोन गोष्टी मात्र मी पहिल्याच दिवशी बजावतो. मायक्रोफोन ओठांजवळ राहणारा, वायरचा हेडसेट असावा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना लॅपटॉपचा स्वतःचा माइक कामाचा नाही. दुसरी गोष्ट घशाची. हात वाचवायला आलेला माणूस महिनाभरात आवाज घालवून बसू शकतो. यंत्राला ऐकू गेलं नाही की माणूस ताण देऊन बोलतो, तिथेच घसा बसतो. नेहमीच्या पट्टीत बोलायचं, जवळ पाणी ठेवायचं आणि मध्ये मध्ये पूर्ण गप्प बसायचं.

खरी अडचण परीक्षेत येते. एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकाच्या वेळी आमच्या विद्यार्थ्याला लेखनिक दिला गेला. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं असा नियम आहे आणि फसवणूक टाळायला तो ठीकही आहे. पण त्या बिचाऱ्याला प्रोग्रामिंग येत नव्हतं. आमचा मुलगा त्याला “गोल कंस उघड, अवतरणचिन्ह दे, चार जागा सोड” असं एकेक चिन्ह सांगत बसला आणि वेळ संपला. तो तोंडीच प्रोग्राम लिहीत होता, फक्त त्याचे शब्द ओळखणाऱ्या यंत्राऐवजी ते न कळणाऱ्या माणसाला सांगत होता.

कायदा याच्या आड येत नाही. केंद्र सरकारने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतच परीक्षा संगणकावर देण्याची, इतकंच काय, उत्तरं ध्वनिमुद्रित करण्याचीही मुभा दिली, आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळही दिला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराकडे 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी त्याला लेखनिक मिळालाच पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. सोय माणसाच्या गरजेप्रमाणे ठरवावी, हे त्या निकालाचं सूत्र आहे.

म्हणून मराठवाड्यातल्या महाविद्यालयांकडे माझं मागणं आहे. प्रात्यक्षिकाला अशा विद्यार्थ्याला दार बंद होणारी वेगळी खोली द्या, हेडसेट आणू द्या आणि त्याची शब्दयादी आधीपासून संगणकावर ठेवू द्या. यादीत तयार कोड लपवता येतो, ही परीक्षकांची शंका रास्त आहे. त्यावर उपायही सोपा आहे. आदल्या दिवशी ती फाइल उघडून वाचायची, एकेका आज्ञेने काय उमटतं ते विद्यार्थ्याकडून करून घ्यायचं आणि फाइलची एक प्रत परीक्षा विभागात ठेवायची. पाऊण तासाचं काम आहे, आणि सोबत बसायला मी तयार आहे.