सोडल्यावर मोज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी कामाला लागलो, तेव्हा पहिले काही महिने माझ्या हातात फक्त गुण्या होता. मिस्त्री हायड्रॉलिक बेंडरचा दांडा मारत, पाईप हळूहळू वाकत जाई आणि मी गुण्या लावून ओरडे, "काटकोन झाला!" मिस्त्री व्हॉल्व्ह सैल करत. जोर निघाला की पाईप दोन-तीन अंश उघडलेला दिसे. "सोडल्यावर मोज," ते म्हणत. "दाबून धरलेला कोन आपला नव्हे."

पाईप वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधला पट्टा जवळजवळ तसाच राहतो. फार ताणलेला भाग कायमचा बदलतो. पण मधल्या पट्ट्याजवळचा भाग तेवढा ताणलेलाच नसतो. जोर निघताच तो सरळ व्हायला बघतो आणि सगळ्या पाईपला थोडं मागं ओढतो. म्हणून नव्वद हवे असतील तर ब्याण्णव-त्र्याण्णवपर्यंत जावं लागतं. स्टेनलेस काळ्या पाईपपेक्षा जास्त परत येतो, मऊ तांब्याची नळी अगदी थोडी. नेमकं किती, हे जाडी आणि गोलाईचा रेडियस यांवरही ठरतं, म्हणून मी तक्त्यावर विसंबत नाही. नवा माल आला की त्यातलाच एक तुकडा कापून वाकवतो, सोडतो, मोजतो आणि तो आकडा खडूनं मशीनवर लिहितो. कोन नेहमी कमीकडून गाठावा. अठ्ठ्याऐंशीला थांबलेला पाईप आणखी दोन अंश सहज जातो. पुढं गेलेला उलटा उघडताना मात्र बेंडचा गोलपणा बिघडतो.

आमच्या धंद्यातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'एक इंची'. पाण्याचा एक इंची पाईप आतल्या पोकळीवरून ओळखला जातो. बाहेरून तो सुमारे 33.7 मिलिमीटर भरतो. फर्निचरची एक इंची ट्यूब बाहेरूनच 25.4 मिलिमीटर असते. पाण्याच्या पाईपच्या फॉर्मरमध्ये, म्हणजे बेंडरच्या साच्यात, ही ट्यूब घातली, तर तिच्या कुशीला आधार मिळत नाही आणि ती चपटी होते. कोन बरोबर आणि पाईप वाया! कॅलिपर लावल्याशिवाय मी फॉर्मर उचलत नाही. वेल्डिंगची शिवण असलेल्या पाईपची शिवणही आधी शोधतो. ती बेंडच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला न ठेवता बाजूला, त्या मधल्या पट्ट्यावर ठेवायची, म्हणजे तिच्यावर ताण कमी येतो.

मिस्त्रींची जुनी रीत वाळूची होती. बारीक वाळू कढईत भाजून कोरडीठाक करायची, पाईपमध्ये ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारायचे आणि वाकवायची जागा भट्टीत लाल करायची. वाळू आतून भिंतीला धरून ठेवते, पोचा पडत नाही. एकदा मी घाईत अर्धवट भाजलेली वाळू भरली. आत वाफ झाली आणि बूच गोळीसारखा सुटून पत्र्यावर आदळला. समोर कोणी उभं नव्हतं, हे नशीब. गॅल्व्हनाइज्ड पाईप तर भट्टीत घालूच नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी तो सोसला आहे.

पण खरी परीक्षा जिन्यावर होते. 250 मिलिमीटर पायरी आणि 170 मिलिमीटर उंची धरली, तर उतार साधारण 34 अंशांचा येतो. स्वतंत्रपणे घेतलेलं माझं पहिलं रेलिंग मी या हिशेबानं, नकाशावरून वाकवलं होतं. तीन मीटरचा पाईप चढवला, तर लँडिंगवरच्या खांबापासून तो दोन इंच वर राहिला. मशीनची काही चूक नव्हती. तीन मीटरवर एका अंशाचा फरक 52 मिलिमीटर होतो, आणि तो एक अंश जिन्यात होता, नकाशात नव्हता. गवंडी पायऱ्या हातानं बांधतो, वर फरशी बसते, आणि पहिली व शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. ते रेलिंग मी पदरच्या पैशानं पुन्हा केलं.

तेव्हापासून मी जिन्यावर सहा मिलिमीटरची सळई घेऊन जातो. ती पायऱ्यांच्या कडांवर टेकवत, लँडिंगला वाकवत फर्मा तयार करतो आणि तोच वर्कशॉपमध्ये जमिनीवर ठेवून पाईप त्याच्याशी जुळवतो. आता माझ्याकडे डिजिटल कोनमापक आहे, अंशाचा दहावा भागही दाखवतो. उत्तम साधन आहे, रोज वापरतो. पण तेही पाईप सोडल्यावरच लावतो.

घराचं रेलिंग करून घेणार असाल तर एवढं करा: पायऱ्यांवर फरशी बसेपर्यंत माप देऊ नका, आणि फॅब्रिकेटरला जिन्यावरच बोलवा.