सकारण आदेश

शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ‘सकारण आदेश’ हा शब्दप्रयोग नवा नाही. एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध खातेनिहाय चौकशी झाली, की अखेरच्या आदेशात नुसती शिक्षा लिहून भागत नाही. दोषारोप काय होता, पुरावा कोणता आला, बचावाचे म्हणणे काय होते आणि ते मान्य वा अमान्य का केले, हे सारे त्यात यावे लागते. तसे आले नाही, तर आदेश अपिलात टिकत नाही. राज्य शासनाच्या नोकरीत असताना अशी प्रकरणे मी पुष्कळ हाताळली. शिक्षा झालेला माणूस पुढे कधी भेटला, तर शिक्षेविषयी फारसे बोलत नसे. ‘साहेब, माझे म्हणणे कुणी वाचलेच नाही,’ हीच त्याची खंत असे.

खेळांच्या नियामक संस्थांविषयी प्रेक्षकांच्या मनात जो राग साठलेला दिसतो, त्याच्या मुळाशी मला हीच खंत दिसते.

नोव्हेंबर २००१ मधील पोर्ट एलिझाबेथची कसोटी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सामनाधिकारी माइक डेनिस यांनी एकाच सामन्यात सहा भारतीय खेळाडूंना दोषी ठरवले. त्यांत सचिन तेंडुलकर होता. चेंडूच्या शिवणीतील गवत त्याने पंचांना न सांगता काढले, असा ठपका होता. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत डेनिस येऊन बसले, पण प्रश्नांना उत्तरे देण्याची मुभा त्यांना नव्हती. उत्तरे द्यायची नसतील, तर हे गृहस्थ येथे आले कशाला, असे रवी शास्त्री यांनी भर सभेत विचारले. पुढे भारतीय व दक्षिण आफ्रिकी मंडळांनी डेनिस यांना सेंच्युरियनच्या सामन्यातून दूर ठेवले आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने त्या सामन्याची कसोटी म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. दोन्ही बाजूंनी बळाचा वापर झाला. कारणांचा झाला नाही.

पुढे जानेवारी २००८ मध्ये सिडनीचे प्रकरण उभे राहिले. हरभजनसिंगने अँड्र्यू सायमंड्सला ‘मंकी’ म्हटले, असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तो सिद्ध मानून हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. एका बाजूचे शब्द खरे आणि दुसऱ्या बाजूचे खोटे का धरले, हा सुनील गावस्करांनी जाहीरपणे उपस्थित केलेला प्रश्न घरोघरी विचारला जात होता. अपील न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे ॲडलेडला चालले. सचिनने साक्ष दिली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही, असे ठरून बंदी उठली आणि अपशब्दांबद्दल सामन्याच्या मानधनातील निम्मी रक्कम दंड म्हणून कायम झाली.

आपल्याकडे तो विजय म्हणून साजरा झाला. पण माझ्यासारख्या फायलींत वाढलेल्या माणसाचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. हरभजनच्या पूर्वीच्या शिस्तभंगांची पूर्ण नोंद न्यायमूर्तींपुढे ठेवलीच गेली नव्हती. ती ठेवली असती, तर शिक्षा अधिक कडक झाली असती, असे त्यांनीच नंतर सांगितले. एखाद्या तालुका कचेरीत कनिष्ठ लिपिकाकडून सेवापुस्तक जोडायचे राहिले असते, तर त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला असता. येथे तर जगभरच्या क्रिकेटचा कारभार पाहणारी संस्था होती! सायमंड्सच्या बाजूच्या लोकांना त्या निकालावर विश्वास ठेवावासा वाटला नाही, यात नवल ते काय?

फुटबॉलच्या प्रेक्षकांची तक्रार याहून जुनी आणि अधिक कडवट आहे. युरोपीय फुटबॉल महासंघाने २०१२ मध्ये दिलेले निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मँचेस्टर सिटीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना उद्देशून प्रेक्षकांनी वर्णद्वेषी आरडाओरडा केला, म्हणून पोर्तो क्लबला दंड झाला २०,००० युरो. दुसऱ्या एका सामन्यात उत्तरार्धासाठी संघ मैदानावर थोडा उशिरा उतरला, म्हणून त्याच मँचेस्टर सिटीला दंड झाला ३०,००० युरो. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी घोषणांपायी क्रोएशियाच्या संघटनेला ८०,००० युरो भरावे लागले. आणि डेन्मार्कच्या बेंटनरने गोल केल्यावर एका सट्टा कंपनीचे नाव असलेली अंतर्वस्त्राची पट्टी दाखवली, म्हणून त्या एकट्याला १,००,००० युरो! हे आकडे सामान्य प्रेक्षकाने वाचले, की कोणत्या गोष्टीचे मोल किती, हे त्याला कळते. त्यासाठी त्याला कोणाचे भाषण ऐकावे लागत नाही.

मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर ब्राझीलच्या व्हिनिसियसला माकड म्हणून हिणवले गेले. क्लबला ४५,००० युरो दंड आणि पाच सामन्यांसाठी प्रेक्षागाराचा एक भाग बंद, असा निर्णय झाला. अपिलात दंड २७,००० वर आणि पाच सामने तीनवर आले. त्या प्रकरणाला खरे वजन आले, ते जून २०२४ मध्ये. त्या वेळी स्पेनमधील न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. व्यक्ती ओळखली, कृत्य नोंदले, शिक्षा सांगितली. क्रीडासंस्थेला जे जमले नाही, ते न्यायालयाला जमले.

आता थोडे घराजवळ यावे. सिडनीच्या प्रकरणाआधी तीनच महिने, ऑक्टोबर २००७ मध्ये, हाच सायमंड्स बडोद्यास खेळत होता. आपल्या सुरतेहून गाडीने दोन तासांवरचे बडोदे. ज्या नगरीचे नाव आपल्या घरांत सयाजीरावांच्या आठवणीने आदराने घेतले जाते, ते बडोदे. तेथील प्रेक्षकांतून त्याला उद्देशून माकडाचे आवाज काढले गेले. सुरुवातीला आपल्याकडील जबाबदार मंडळींनी असे काही घडलेच नाही, असा सूर लावला. १७ ऑक्टोबरला मुंबईत वानखेडे मैदानावर तेच घडले. या वेळी छायाचित्रे निघाली आणि काही प्रेक्षकांवर पोलिसांनी कारवाई केली. सिडनीविषयी आपल्या बैठकींत जेवढी चर्चा झाली, तिच्या दशांशानेही बडोद्याविषयी झाली नाही. सायमंड्स २०२२ च्या मे महिन्यात मोटार अपघातात गेला. तत्पूर्वी २०११ मध्ये तो आणि हरभजन मुंबई इंडियन्स या एकाच संघातून खेळले होते. त्या दोघांनी आपसातले मिटवले असेल. बडोद्याच्या प्रेक्षागाराचा हिशेब मात्र तसाच राहिला.

आणि सुरतकरांना तर आफ्रिकी वंशाचा माणूस परका वाटण्याचे कारणच नाही. आपल्या शेजारचे सचिन हे संस्थान जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील शाखेला १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहान्वये मिळाले आणि १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत तेथे सिद्दी नबाबांचे राज्य होते. मराठी माणूस आणि सिद्दी यांचा या भूमीशी असलेला संबंध असा एकाच कागदावर लिहिलेला आहे.

वर्ण हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो, हेही विसरता येत नाही. पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी पळवणकर बाळू यांना संघात घेतले, ते त्यांच्या गोलंदाजीसाठी. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. का मिळाले नाही, याचा सकारण आदेश निवड समितीने कधी काढला नाही. सर्वांना कारण ठाऊक होतेच. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी, विठ्ठल व शिवराम यांनी, संघातून अंग काढून घेऊन निषेध नोंदवला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. नियामक मंडळी आपणहून सुधारत नाहीत. कोणीतरी खेळायचे नाकारावे लागते, हे मराठी खेळाडूंनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीलाच अजिंक्य रहाणेपुढे वेगळा पर्याय आला. महंमद सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या आणि त्याने कर्णधाराला सांगितले. रहाणेने पंचांकडे तक्रार करून खेळ थांबवला. हवे तर मैदान सोडा, असे पंचांनी सुचवले, असे सिराजने नंतर सांगितले. पण संघ थांबला आणि खेळला. सहा प्रेक्षकांना बाहेर काढले गेले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने चौकशी करून सांगितले, की वर्णद्वेषी शेरेबाजी झाली हे खरे, पण बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हेत. गुन्हा सिद्ध, गुन्हेगार अज्ञात. तरीही या निष्कर्षाला मी डेनिस यांच्या मौनापेक्षा वरचे स्थान देतो. घडले ते घडले, एवढे तरी त्यात लेखी मान्य केलेले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात तरुणांनी फुटबॉलचे लहानसे सामने भरवले. एका संघातून येथे शिकायला आलेला एक आफ्रिकी विद्यार्थी खेळत होता. त्याच्या पायात चेंडू आला, की एका कोपऱ्यातून ठराविक आवाज येत. त्याने तक्रार केली. आयोजकांचे मत, ‘पोरांची गंमत आहे, मिटवून टाकू,’ असे पडले. निवृत्त अधिकारी म्हणून मला बोलावले होते. मी दोन्ही संघांचे म्हणणे लिहून घेतले, आवाज ऐकणाऱ्या चौघांची निवेदने घेतली आणि एक पानभर आदेश लिहिला: काय घडले, कोणी सांगितले, ते गंमत का नव्हे, आणि म्हणून त्या कोपऱ्यातील मंडळींच्या संघाचा पुढील सामना प्रेक्षकांविना होईल. समितीतील दोघांनी सही करण्यास नकार दिला. त्यांचा नकारही मी त्याच पानावर नोंदवला. तो कागद ध्वनिक्षेपकावरून वाचला गेला. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. ज्यांचा सामना प्रेक्षकांविना झाला, ते अजूनही माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात.

तो विद्यार्थी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. त्याने आभार मानले नाहीत, आणि मानावेत असे मलाही वाटले नाही. त्याने फक्त त्या कागदाची एक प्रत मागितली.