माझी पायली

सातबाऱ्यावर आपलं नाव आहे, हे मला मनापासून कळलं ते जमीन विकायची ठरली तेव्हा. 2018 चा मार्च होता. धाकट्या भावाचा चौकहून पनवेलला फोन आला, "ताई, तुझी सही लागेल."

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. वारसनोंदीत आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं लागली होती. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. तरी आमच्या ओळखीच्या अनेक घरांत बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात. माझ्या भावाने तो शब्दही काढला नाही. "जे येईल ते तिघांत सारखं," म्हणाला. त्याच्या त्या सरळपणाची मला आजही किंमत आहे, म्हणून पुढे जे लिहिते आहे त्यात दोष एकट्या त्याचा नाही. सही मीही केली.

जमीन अडीच एकर. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून आत, इर्शाळगडाच्या अंगाला. बांधावर उभं राहिलं की गडाच्या सुळक्यातलं नेढं स्वच्छ दिसायचं. ही जमीन आमच्या आजोबांनी विकत घेतलेली नव्हती. ते कूळ होते. जमीन दुसऱ्याची, घाम यांचा, आणि पिकातला मोठा वाटा मालकाच्या घरी. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक मानला गेला. ठरलेली किंमत हप्त्यांनी फेडून झाल्यावर आजोबांच्या हाती '32 म'चं प्रमाणपत्र आलं. ते आमच्या घरी देवाच्या फोटोमागे, प्लास्टिकच्या पिशवीत असायचं. आजोबांना वाचता येत नव्हतं. दसऱ्याला ते कागद बाहेर काढून त्याला हळद-कुंकू लावायचे.

विक्रीच्या वेळी तोच कागद लागला. कुळाची जमीन विकायला पूर्वी परवानगी लागायची. प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून मोकळं होता येतं, अशी दुरुस्ती मधल्या काळात झाली होती. आमच्या जमिनीचा आकार, म्हणजे सारा, होता 4 रुपये 75 पैसे. चाळीस पट म्हणजे 190 रुपये. दोन पिढ्या ज्या हक्कासाठी वाकल्या, तो 190 रुपयांत सुटला. पावती माझ्या हातात होती आणि मला एकदम घसा कोरडा पडल्यासारखं झालं. पण मागे रांग होती. मी पावती भावाकडे दिली.

विकायची कारणं खोटी नव्हती. मजुरी वाढली होती, भाताला भाव नव्हता, भावाची नोकरी कंत्राटी होती. नवी मुंबईचा विमानतळ येणार म्हणून पनवेलपासून कर्जतपर्यंत जमिनीचे भाव वर चढले होते, दलाल रोज दारात होते. आईने एवढंच म्हटलं, "घरामागचे अकरा गुंठे सोडा. ते मी मेल्यावर बघा." ते तेवढे राहिले. बाकीच्याचे पैसे तिघांच्या खात्यांत जमा झाले. एवढी रक्कम आमच्या घराण्यात कोणी लिहिलेलीसुद्धा पाहिली नव्हती.

आता आधीचं सांगते.

आमच्याकडे रत्ना आणि कर्जत-3 ही भातं असायची. उन्हाळ्यात राब भाजायचा, मिरगाला पेरायचं, आषाढात आवण खणून लावणी. लावणीला आणि कापणीला वरच्या ठाकरवाडीतून माणसं उतरायची. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग खळ्यावर झोडणी. भाताची रास पडली की अण्णा अंघोळ करून यायचे, राशीला नमस्कार करायचे आणि मापाची पायली हातात घ्यायचे. आधी देवाची. मग गुरवाची, सुताराची, न्हाव्याची. मग ज्यांनी वर्षभर गुरं सांभाळली त्यांची. मग वाडीतल्या बायांची. मजुरी दिलेली असली तरी ही पायली वेगळी. शेतात मागे राहिलेला सरवाही त्यांनीच वेचायचा, त्याला आम्ही हात लावायचा नाही. हे सगळं झाल्यावरच घरचं माप सुरू व्हायचं. देताना पायलीवर शीग असायची, दाणे कडेने ओघळेपर्यंत. घरच्या कणगीत ओतताना मात्र अण्णा हाताने माप सपाट करायचे.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आधी आपलं मोजून घेतलं तर कळेल ना, किती देता येईल ते?" अण्णा म्हणाले, "आधी मोजलं की देववत नाही, बाय."

त्या वाक्याचा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर, बँकेचं पासबुक हातात असताना कळला.

जमीन विकल्यावर पुढच्या वर्षी आमच्याकडे वर्षानुवर्षं नांगर धरलेला एक माणूस मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी आला. आठ हजार रुपये हवे होते. भाऊ म्हणाला, ठेव मोडावी लागेल, ताईला विचारतो. मला विचारलं. मी म्हणाले, माझेही फ्लॅटमध्ये अडकलेत, बघू या. आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो. प्रत्येक रुपयाचं काम ठरलेलं होतं: इतके घराला, इतके गाडीला, इतके मुलांच्या शिक्षणाला, इतके म्हातारपणाला. मोजून झालेल्या पैशात त्या माणसाचा रकाना कुठेच नव्हता. तो चहा पिऊन गेला. परत कधी आला नाही.

आणि त्याच वर्षी, पहिल्या पावसानंतर, शेवळं घेऊन ठाकरवाडीची आजी आली.

ही आजी माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरी येते. जूनमध्ये शेवळं आणि ती खाजरी लागू नयेत म्हणून सोबत काकडं, पावसाळ्यात भारंगी, कंटोली, बांबूचे कोंब. आणलेलं ती ओटीवर ठेवायची, पाणी प्यायची, आईशी बोलत बसायची. भाव कधी झाला नाही. भाजीच्या बदल्यात भात, असंही नव्हतं. भाजी तिची, ती देणार. पायली तिची, ती नेणार. दोन्हींचा एकमेकींशी हिशेब नव्हता.

त्या दिवशी मी माहेरी होते. आजी ओटीवर बसली नाही. पायरीशी उभी राहून टोपली खाली ठेवली आणि आईला विचारलं, "किती वाटे देऊ?"

आई माझ्याकडे बघत राहिली. आजीने याआधी असं कधी विचारलं नव्हतं. भावाने आतून शंभराची नोट आणली. आजीने कनवटीची पुरचुंडी सोडून चाळीस रुपये परत दिले. भाऊ नको नको म्हणाला, तरी दिलेच. तिच्या वागण्यात राग नव्हता. खळं बंद झालं होतं, म्हणजे आमच्या घरात तिचं असं काही उरलं नव्हतं. मग नाक्यावरच्या गिऱ्हाइकाशी जसं वागायचं तसंच ती आमच्याशी वागली.

आईने त्या दिवशी शेवळं केली, पण ती जेवली नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. पहाटे भावाचा फोन आला तेव्हा मागून आईचा आवाज येत होता, "आजीची वाडी नाही ना? विचार कोणाला तरी." आजीची वाडी वेगळी होती, पण इर्शाळवाडीत तिचे सोयरे होते. मी सकाळी चौकला पोचले तेव्हा पाऊस थांबत नव्हता. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रं वर चढत नव्हती. माणसं कुदळ-फावड्यांनी, हातांनी माती उपसत होती. शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं सापडलीच नव्हती. ज्यांच्यासोबत आम्ही चिखलात उभं राहून लावणी केली, त्यांच्यातलीच ही माणसं. त्या दिवसांबद्दल याहून जास्त लिहायचा मला अधिकार नाही.

घरी त्या सकाळी आईने मोठं पातेलं काढलं. पायथ्याशी जमलेल्यांना भात पाठवायचा होता. डबा उघडला तर घरात पाच किलोंची एक पिशवी. अण्णांच्या वेळी याच घरात कणगीचं तोंड उघडलं असतं. आई रिकाम्या हाताने उभी होती. भावाने काही न बोलता गाडी काढली, दुकान उघडायला लावलं, पोतीच्या पोती तांदूळ, डाळ, तेल घेऊन आला. किती झाले, त्याने विचारलं नाही. पुढचे चार दिवस तो आणत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी आजी आली. डोळे सुजलेले. कोणाशी न बोलता चुलीपुढे बसली आणि भाकऱ्या थापू लागली.

त्या रात्री भाऊ मला म्हणाला, "ताई, पैसे आल्यापासून आज पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडे पैसे आहेत."

पैसा वाईट, असं मी म्हणणार नाही. त्या चार दिवसांत त्याच पैशाने भात शिजला. पण पाच वर्षं तो आमच्याकडे असून आम्ही गरीब होतो, कारण त्याच्यावर आमच्याशिवाय कोणाचाही हक्क नव्हता. अण्णांच्या कणगीत गावातल्या दहा घरांचा हक्क होता. वर्षाच्या शेवटी ती तळाला जायची, तरी आम्हाला कोणी गरीब म्हटलं नाही. ज्या घरी येऊन माणूस मान वर करून "माझं द्या" म्हणू शकतो ते घर श्रीमंत, असं मला आता वाटतं. मागायला संकोचून येतात आणि चहा पिऊन परत जातात त्या घराची श्रीमंती पासबुकापुरती.

फीसाठी आलेल्या त्या माणसाकडे आम्ही नंतर गेलो. मुलाने तोवर कॉलेज सोडून गोदामात काम धरलं होतं. त्या माणसाने आम्हाला बसायला सतरंजी टाकली, चहा दिला. उशीर भरून काढता येत नाही, हे मी त्या सतरंजीवर शिकले.

2024 च्या जूनमध्ये घरामागच्या अकरा गुंठ्यांत आम्ही पुन्हा भात पेरलं. सहा वर्षं ती जमीन पडीक होती. कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडून निघालेलं तेच अण्णांचं कर्जत-3 आणलं. पैशाच्या हिशेबाने हे नुकसानीचं काम आहे. मजुरी धरली तर त्याहून स्वस्त तांदूळ दुकानात मिळतो. साडेतीन क्विंटल भात झालं. अंगणातच खळं केलं. भावाने अण्णांची पायली माळ्यावरून काढून घासली. आम्ही कोणालाही निरोप पाठवला नव्हता.

रास पडली आणि फाटकाशी काठीचा आवाज आला. आजी आता वाकली आहे. ती थेट खळ्यावर आली, राशीकडे बघितलं, पदर पसरला आणि म्हणाली, "माजी पायली?"

आईने माप भरलं. शीग इतकी उंच की पदरात ओतताना मूठभर दाणे जमिनीवर सांडले. आजी पदर सावरत खाली बसली. एकेक दाणा वेचून गोळा केला आणि ते दाणे पदरात न टाकता आमच्या राशीत टाकले.