विसरवाडी ते सुरत : सागवानाच्या वाटेने

फज्रची नमाज अदा करून आम्ही विसरवाडीहून निघालो. धाकट्या भावाला सुरतेच्या कापड कारखान्यात कामावर पोहोचवायचे होते. अब्बांचा जन्म सुतारकामात गेला. मुलाने रंधा ठेवून यंत्रमाग धरावा, हे त्यांना रुचले नव्हते. तरी ते सोबत आले.

धुळे-सुरत महामार्गाने नवापूर आले. इथल्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. गावाजवळची रंगावली पुढे तापीला मिळते. पलीकडे उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. त्या पाण्याखाली आपल्या नवापूर तालुक्यातलीही गावे गेली. याच पाण्यावर वीज झाली, खाली दक्षिण गुजरातेत ऊस पिकला. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दरसाल त्याच उसाच्या तोडणीला जातात.

सोनगडचा कागद कारखाना मागे पडला तेव्हा अब्बा बोलले, "बेटा, या डोंगरातल्या सागवानाची जहाजे होत. लोखंडी खिळा सागात गंजत नाही, तेल असते त्यात. वाळवीही सहसा लागत नाही."

खरेच आहे ते. इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास डांगचे जंगल भाडेपट्ट्याने घेतले, ते जहाजाच्या लाकडासाठीच. सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईला गेले आणि तिथल्या गोदीत त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेले सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे.

सुरतेला तर हाजी लोक मक्केचा दरवाजा म्हणत. औरंगजेब बादशाहाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज १६९५ साली हाजींना घेऊन परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. हाजींच्या मुक्कामासाठी १६४४ साली बांधलेल्या मुघलसराईत आज महानगरपालिकेची कचेरी भरते. नदीमुखाशी गाळ साचत गेला, मुंबई वाढली आणि इथला जहाजांचा व्यापार ओसरला.

असरच्या वेळी आम्ही तापीकाठी पोहोचलो. अब्बा बराच वेळ पाण्याकडे पाहत बसले. मग त्यांनी पिशवीतून आपली जुनी पटाशी काढली आणि धाकट्याच्या हाती दिली.

"अब्बा, तिथे हिचा काय उपयोग?" त्याने विचारले.

"माग लाकडाचा नसेल, बेटा. पण हुनर हातात असू दे. लवजी सुतारही पोटासाठीच सुरत सोडून गेले होते."

धाकट्याने पटाशी रुमालात गुंडाळली. परतताना गाडीत एक जागा रिकामी होती. नवापूरच्या अलीकडे सागाच्या झाडांवर अंधार उतरला, तेव्हा अब्बांनी त्याच्यासाठी दुआ मागितली आणि आम्ही सर्वांनी आमीन म्हटले.