खर्जाची खरेदी

आमच्या घरांत कोणतीहि मोठी खरेदी रात्रीच्या पंगतींत मंजूर व्हावी लागते. शिवणाचें यंत्र, फ्रीज, मुलांचा संगणक, सारें याच वाटेनें घरांत आलें. आणि कित्येक मनोरथ याच पंगतींत ताकभाताबरोबर संपले. यंदाच्या ज्येष्ठांत एका रात्रीं माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें आमटीची वाटी पुढें करतां करतां सांगितलें कीं, तिला बास गिटार घ्यावयाची आहे. माई, म्हणजे आमच्या ९२ वर्षांच्या मातोश्री, यांनीं प्रथम प्रश्न केला, "गिटारला सहा तारा असतात ना ग? मग हिला चारच, आणि किंमत जास्त, हा कुठला न्याय?"

प्रश्न बिनतोड होता. मुलगी बिचारी सांगूं लागली: महाविद्यालयांत सहासात जणांचा वाद्यवृंद निघाला आहे, गाणारे दोन, गिटारवाले तीन, ड्रम वाजविणारा एक, बास घ्यावयास मात्र कोणी तयार नाहीं, कारण ती पुढें उभें राहून मिरवण्याची गोष्ट नव्हे. ती जागा तिनें मागून घेतली होती. ओवाळणीचे व शिष्यवृत्तीचे मिळून तिच्यापाशीं ८,००० रुपये सांठले होते. बंधूंनीं हिशेब केला, आणि सर्व मिळून २०,००० रुपयांच्या वर एक पैहि जाणार नाहीं असें ठरविलें. येथपर्यंत ठीकच होतें. पुढें ते म्हणाले, "आणि खरें म्हणजे इतके तरी कशाला? सर्वांत स्वस्त मिळेल ती आण. तीन महिने टिकलीस, तर पुढें पाहूं."

हें वाक्य मीं पूर्वीं ऐकलें होतें.

१९७३ सालीं मी १७ वर्षांचा होतों, आणि गिटारचें वेड मलाहि लागलें होतें. वडिलांनीं याच शब्दांत परवानगी दिली, आणि ९० रुपयांची एक गिटार घरांत आली. दिसावयास ती सुंदर होती. अंगावर लाल-पिवळें रोगण, भोंकाभोंवतीं नक्षी. पण तारा दांडीपासून इतक्या उंच कीं, मधून पेन्सिल सरकावी. बोटांना फोड येत, ते फुटत, पुन्हां येत. मोकळ्या तारा मिळवून घेतल्या तर गोड वाजत. पण बोटें वरच्या पडद्यांकडे सरकलीं कीं सूर उतरे. मी पुन्हां तारा मिळवीं, पुन्हां तेंच. शिकविणाऱ्या गृहस्थांनीं सहा महिने वाट पाहून वडिलांना सांगितलें कीं, मुलगा कष्टाळू आहे, परंतु त्याच्या कानाला सूर नाहीं. गिटार माळ्यावर गेली. निकाल मात्र खालींच राहिला. तेव्हांपासून आमच्या घरीं आरतीच्या वेळीं मला झांज देण्यांत येते, आणि ओठ हलविण्यापलीकडे मींहि फारसें धाडस केलें नाहीं. लग्नानंतर सौभाग्यवतींनाहि ही गोष्ट ओघानेंच कळविण्यांत आली.

म्हणून त्या रात्रीं, कधीं नव्हे तें, मीं पंगतींत मध्येंच तोंड घातलें. पैसे ठरले तेवढेच राहोत, पण वाद्य निवडण्याचें काम मजकडे असावें, अशी अट घातली. "सूर नसलेला माणूस वाद्य निवडणार!" असें बंधू हंसत म्हणाले, पण कबूल झाले.

मग महिनाभर आम्ही चुलता-पुतणी अभ्यासाला लागलों. बास गिटार हें खर्जाचें वाद्य. तिच्या चार तारा म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या चार तारा, पण एक सप्तक खालीं मिळविलेल्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. इतका खालचा सूर काढावयाचा तर तार लांब व जाड हवी. म्हणून साध्या गिटारची तार २५ इंचांच्या आसपास, तर हिची बहुधा ३४ इंच. माईंना हें तानपुऱ्यावरून चटकन् समजलें. तानपुऱ्याची शेवटची पितळी तार खर्जाची. ऐकणाऱ्याचें लक्ष तिच्याकडे कधींच नसतें, पण ती उतरली तर गाणें न कळणाऱ्यालाहि कांहींतरी बिनसल्याचें कळतें. फरक इतकाच कीं, तानपुऱ्याचा खर्ज एका जागीं बसून असतो, आणि बासचा खर्ज गाण्याबरोबर चालतो. एक पाय तालांत, एक सुरांत.

पूर्वीं हें काम माणसाहून उंच अशा डबल बासकडे असे. तें धूड उचलून नेणें कठीण, आणि ड्रम व ट्रम्पेट यांच्या गर्दींत त्याचा आवाज हरवे. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं १९५१ मध्यें त्याच चार तारा एका भरीव लांकडावर चढविल्या, दांडीवर पडदे बसविले आणि आवाज विजेनें मोठा केला. पडद्यांमुळें सूर नेमका जागेवर पडतो, म्हणून वाद्याला 'प्रिसिजन', म्हणजे अचूक, असें नांव दिलें. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन यांनीं असल्याच वाद्यावर १९६० नंतरच्या दशकांत मोटाउन कंपनीचीं कितीतरी गाणीं वाजविलीं, तींहि उजव्या हाताच्या एकाच बोटानें. त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांचीं नांवें छापण्याची चाल बरींच वर्षें नव्हती. ज्या खर्जावर लोक नाचले तो कोणाचा, हें नाचणाऱ्यांना ठाऊक नव्हतें. आमच्या मुलीचें दैवत मात्र जवळचें: १९९६ सालीं जन्मलेली, मुंबईंत वाढलेली मोहिनी डे. तिला बास तिच्या वडिलांनींच शिकविली, ही गोष्ट पुतणीनें आपल्या वडिलांना दोनदां ऐकविली.

स्वस्त वाद्याच्या बाबतींत आम्हांला खरा धीर आला तो पॉल मॅकार्टनी यांच्या हकीकतीनें. १९६१ मध्यें हॅम्बर्ग येथें बीटल्स मंडळींतला बासवादक सोडून गेला. ती जागा कोणालाच नको होती, ती यांच्या गळ्यांत पडली. फेंडरची किंमत १०० पौंडांच्या घरांत, ती झेपेना. म्हणून त्यांनीं हॉफनर या जर्मन कारखान्याची, व्हायोलिनच्या आकाराची बास सुमारें ३० पौंडांना घेतली. ते डावखुरे, वाद्य दोन्ही अंगांनीं सारखें असल्यानें त्यांच्या हातांत वेडेंवांकडें दिसत नसे. हेंच वाद्य पुढें जगप्रसिद्ध झालें, १९७२ मध्यें चोरीस गेलें, आणि सापडून मालकाकडे परत आल्याचें २०२४ मध्यें जाहीर झालें. बंधूंनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "तुमच्या त्या साहेबाला बारावीची परीक्षा नव्हती."

खरेदीची सुरुवात आम्ही कांहींच न घेण्यानें केली. मुंबईस गेलों असतां धोबी तलावावर फुर्तादो यांच्या दुकानांत (ही पेढी १८६५ पासूनची) मुलीला तीनचार नव्या बास हातांत घेऊं दिल्या. चांगलें वाद्य हाताला कसें लागतें हें एकदां कळलें म्हणजे वाईट ओळखणें सोपें जातें. तिचा हात लहान. ३० इंची आंखूड बासहि मिळते, तीहि पाहिली. पण ३४ इंचांवर तिचीं बोटें पोंचलीं, आणि त्या लांबीच्या तारा सहज मिळतात, म्हणून तीच धरली. वजन चार किलोंच्या आसपास. तासभर खांद्यावर वागवावयाचें, तेव्हां पट्टा रुंद हवा, हेंहि तेथेंच उमजलें. आज कमी किंमतीचीं बरींचशीं चांगलीं वाद्यें इंडोनेशिया व चीन येथें होतात, आणि त्यांचे पडदे माझ्या काळच्या गिटारपेक्षां कितीतरी भरंवशाचे असतात. परंतु नवें वाद्य घेतलें तर ध्वनिवर्धकाला पैसे उरेनात, आणि ध्वनिवर्धकावांचून बास मुकी. घरांतल्या घरांत साध्या गिटारचा लहान ध्वनिवर्धक लावून पाहतां येतो, पण जोरानें वाजविलें तर त्याचा स्पीकर खराब होण्याची भीति. म्हणून जुनें पाहावयाचें ठरलें.

पहिलें वाद्य नारायण पेठेंत पाहिलें. पांच तारा, सोनेरी खुंट्या, आंत ९ व्होल्टची बॅटरी. विकणारा त्या बॅटरीची इतकी स्तुति करीत होता कीं, जणूं वाद्य तीच वाजविणार आहे. मुलीनें वाद्य उचललें, बंदूक रोखावी तसें एका डोळ्यानें दांडीवरून पाहिलें आणि कांहीं न बोलतां मजकडे दिलें. दांडी पिळवटलेली होती, पावसांत राहिलेल्या पाटासारखी. दांडी पुढें-मागें वांकली असेल तर हरकत नसते; तिच्या पोटांत एक पोलादी सळई असते, ती चावीनें फिरवून बांक काढतां येतो, आणि आपल्याकडील पावसाळ्यांत असा बांक येतोहि. पीळ मात्र सळईनें निघत नाहीं. आम्ही चहा घेतला आणि उठलों. (बटणें फिरवितांना येणाऱ्या खरखरीला मी फार भ्यालों होतों, ती बहुधा धुळीची असते आणि औषधाच्या चार थेंबांनीं जाते, हें पुढें कळलें.)

दुसरें वाद्य कोथरुडांत, जर्मनीस नोकरीला निघालेल्या एका तरुणाकडे मिळालें. यामाहाची चार तारांची, बॅटरी नसलेली, इंडोनेशियांत झालेली बास. तारा गंजलेल्या, खालच्या अंगाला एक खोंक, आणि वायर खोंचण्याची खोबण सैल. हे सारे दोष त्यानें आम्ही विचारण्यापूर्वींच सांगितले. मुलीनें प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजविली. चार तारा, २४ पडदे. ९६ वेळां तेंच. मी कंटाळलों, तो तरुण कंटाळला नाहीं. दोन जागीं तार खरखरली. त्यानें १४,००० मागितले, सौदा ११,५०० वर तुटला. पिशवी, पट्टा आणि वायर त्यानें वर दिली. जिन्यापर्यंत पोंचवावयास आला तेव्हां त्याची नजर आमच्यावर नसून पिशवीवर होती.

५,५०० रुपयांना बाससाठींच केलेला जुना ध्वनिवर्धक मिळाला. उरले ३,०००. त्यांतले १,८०० नव्या तारांना गेले, आणि १,२०० लष्करांतल्या एका वृद्ध दुरुस्तीवाल्यांना. हा शेवटचा खर्च बंधूंना मुळींच पटला नाहीं. पण माझ्या मतें साऱ्या व्यवहारांत तोच सर्वांत शहाणा. त्या गृहस्थांनीं सळई पाव फेरा फिरविली, तारा खालीं घेतल्या, खोबणीला डाग दिला, खरखर गेली. मग बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतें टेंकवून एक सूर काढला, आणि त्याच पडद्यावर तार दाबून दुसरा.

"दोन्ही एक हवेत," ते म्हणाले. "बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य. अर्धी तार, वरचा सा. घोडी जागेवर नसेल तर वाजविणाऱ्यानें जन्मभर घांसलें तरी वरचे सूर जुळायचे नाहींत." त्यांनीं स्क्रू फिरवून घोडी केंसभर मागें नेली, आणि दोन्ही सूर एक झाले.

मीं विचारलें, "आणि घोडी चिकटविलेली असेल तर?"

"मग नशीब," असें म्हणून त्यांनीं पुढचें वाद्य हातीं घेतलें.

त्या रात्रीं मुलगी खालच्या खोलींत वाजवीत होती. फडताळांतलीं ताटें बारीक थरथरत होतीं, आणि माई अंथरुणांतून, "बरें लागतें हो, पोटांत लागतें," असें म्हणत होत्या. मीं शिडी लावून माळ्यावरून ती लाल-पिवळी गिटार उतरविली. तारा केव्हांच तुटल्या होत्या. पण मोजावयास तारा लागत नाहींत. सौभाग्यवतींच्या शिवणाच्या डब्यांतली फीत घेतली. वरच्या टोंकाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत पावणेतेरा इंच. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत साडेतेरा. पुन्हां मोजलें, मुलीला हांक मारून तिच्याकडून मोजविलें. एखादें सूत इकडेतिकडे चालतें, तेवढें जाणूनबुजून ठेवतातहि. येथें पाऊण इंच होता.

ती म्हणाली, "काका, ही कधींच सुरांत वाजली नसती. कोणाच्याहि हातांत."

मी कांहीं बोललों नाहीं. सहा महिने गिटार, आणि पन्नासांवर वर्षें झांज.

पुढच्या आठवड्यांत ती गिटार घेऊन लष्करांत गेलों. त्या गृहस्थांनीं ती उलटसुलट पाहिली आणि सांगितलें कीं, घोडी उष्णता देऊन सोडवितां येईल, योग्य जागीं पुन्हां चिकटवितां येईल, दांडीचा कोन थोडा बदलावा लागेल. २,५०० रुपये पडतील. ९० रुपयांच्या वाद्याला!

विषय मीं पंगतींत काढला आहे. बंधू म्हणाले, "त्यापेक्षां सर्वांत स्वस्त अशी एखादी नवीच कां नाहीं घेत?" माईंनीं त्यांच्याकडे नुसतें पाहिलें. मंजुरी अद्याप यावयाची आहे.